चौथ्या गाडीचा पाचवा बोल्ट

"मागच्या बाई पुन्हा कुरकुरायला लागल्या," शेजारी बसलेला मदतनीस सिरिल पुटपुटला आणि त्यानं डॅशबोर्डवर दोनदा बोट आपटलं.

मागे बाई कुठली? गिऱ्हाइकांच्या वजनाची वाळूची तीन पोती होती; त्यातल्या मधल्या जाड्या पोत्याला सगळे बाई म्हणत. एकदा बोट म्हणजे आवाज पुढून, दोनदा म्हणजे मागून. ही खूण दोन महिन्यांपूर्वी आपोआप ठरली होती. का, ते सिरिलनं सांगितलं नव्हतं आणि वॉल्टर ग्रॅटननं विचारलं नव्हतं. सव्वीस वर्षं वॉल्टरच्या कानांनी पास केल्याशिवाय कंपनीची एकही गाडी विकली गेली नव्हती. त्याच्या आधीच्या टेस्टरचे कान मंदावले, तेव्हा त्याला गोदामात बसवलं होतं. चाचणीसाठी ते फ्रान्समध्ये ज्या हॉटेलात उतरले होते, तिथल्या मालकीण मादामसुद्धा हल्ली सूप ठेवण्याआधी वॉल्टरच्या समोर येऊन उभ्या राहत.

प्रयोगाची ही चौथी गाडी. तिला दहा हजार मैल पळवायचं होतं. नऊ हजारांतच स्प्रिंगच्या पाट्याचं पान मोडलं, रेडिएटर पाझरला, सायलेन्सरची पट्टी तुटली. राण्यांनी बसायची गाडी, पण दुखणी सगळी हमालाची. आज दुपारी इंग्लंडहून पेनफोल्डसाहेब येणार होते. गाडी स्वतः चालवणार, ताशी ऐंशी मैलांच्या वर नेणार.

कुरकुर दाराच्या चामड्याची निघाली. तिथं खडू घासून दोघं पुन्हा निघाले. पॉप्लरच्या रांगांमधून काटा साठवर गेला आणि वॉल्टरनं पाय उचलला. गाडी कडेला घेतली.

"काय झालं, उस्ताद?" सिरिलनं त्याच्याकडे तोंड वळवून विचारलं. "आवाज तर काहीच नाही."

वॉल्टरच्या टाचांना काहीतरी कळलं होतं. मांडीवरचं मांजर गुरगुरावं तशी बारीक थरथर, पण मध्येच अडखळणारी. घोंगडी अंथरून तो गाडीखाली शिरला. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याच्या जोडाचे सहा बोल्ट त्यानं एकेक करून नखानं चाचपले. पाचव्याच्या मानेला केसाएवढी चीर होती. ऐंशीला तो तुटता, तर दांडा रस्त्यात रुतला असता आणि गाडी साहेबांसकट उलटली असती.

दुपारी हॉटेलच्या अंगणात चीर बघायला पेनफोल्डसाहेब कोट काढून स्वतः खाली शिरले. खालूनच त्यांनी विचारलं, आवाज कसा येत होता, ग्रॅटन?

वॉल्टर पान्हा पुसत राहिला. त्याच्याऐवजी उत्तर द्यायला सिरिलनं घाईघाईनं तोंड उघडलं, गेले दोन महिने उघडायचा तसंच. मादाम दारात थबकल्या. त्या दोघांचे चेहरे बघून वॉल्टर समजला, साहेबांनी आपल्याला काहीतरी विचारलंय. त्यानं हातानंच सिरिलला थांबवलं आणि साहेबांचं तोंड दिसेल असा तो चाकाशी उकिडवा बसला. साहेबांनी पुन्हा विचारलं.

"आवाजाचं सिरिलला विचारा, साहेब. तो म्हणतो, नव्हता. आणि त्याचे कान चांगले आहेत. मला हे टाचेनं कळलं," वॉल्टर म्हणाला. "मला ऐकू येत नाही."