दोनच वर्षांची

मित्रांनो, इस्पितळाच्या संगणकात, कानाच्या विभागाच्या तक्त्यात राहणारा मी एक जुना रकाना. माझं नाव 'वय'. शेजारी 'जन्मतारीख' राहते. हल्ली तिच्याकडे बघायची मला लाज वाटते.

मला घडवणाऱ्या प्रोग्रामर ताईंनी माझ्यात काहीच साठवलं नव्हतं. कोणी विचारलं की मी शेजारणीकडून तारीख घ्यायचो, आजचा दिवस पाहायचो आणि वय सांगायचो. पण त्यामुळे रुग्णांची यादी उघडायला जरा वेळ लागे. विभागप्रमुख वैतागले.

"दर वेळी काय मोजत बसायचं? एकदाच मोजून ठेवा ना!"

"सर, वय वाढतं."

"मग दरवर्षी बदलू. त्यात काय एवढं!"

झालं. माझ्यात आकडे कोंबले. यादी झटक्यात उघडू लागली, माझी वाहवा झाली आणि मीही फुशारलो. पुढे ताई नोकरी सोडून गेल्या. आकडे दरवर्षी बदलायचे कुणी, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

एका रंगाऱ्याची मुलगी जन्मापासून बहिरी होती. तिला ऐकू यावं म्हणून कानात यंत्र बसवायचं होतं. आमच्याकडे हे ऑपरेशन पाच वर्षांच्या आतल्या मुलांचंच करत, आणि पाचाच्या जवळ आलेल्यांना आधी बोलावत. नाव नोंदवलं तेव्हा ती दोन वर्षांची होती. माझ्यात ती दोनचीच राहिली. मुलीला घरी ठेवून रंगारी कामावरून तसाच खिडकीशी यायचा. खिडकीवरच्या बाई माझ्याकडे बघून सांगायच्या, "अजून खूप वेळ आहे, दादा. आम्ही बोलावू." तो बिचारा आभार मानून जायचा. खरी तारीख शेजारीच होती, पण तिला विचारतो कोण!

शेवटी तो मुलीलाच घेऊन आला. पुढचे दोन दात पडलेली ती पोर पाहून बाई दचकल्या.

"ही दोन वर्षांची?"

"दोन? अहो, सहा पूर्ण झाली की!"

बाईंनी माझ्यातला दोन पुसून सहा लिहिला. कितीतरी वर्षांनी मी खरं बोललो, आणि त्याच क्षणी यादीतून तिचं नाव गळालं.

"मी दर वेळी विचारत होतो ना हो," रंगारी म्हणाला. तो मुलीकडे वळला. "चल बाळा," तो सवयीनं म्हणाला. मग भानावर येऊन त्यानं तिच्या खांद्याला हात लावला.

विभागप्रमुखांनी सगळं खापर माझ्यावर फोडलं आणि ते चहाला गेले. मित्रांनो, रोज बदलणारी गोष्ट एकदाच मोजून कोंडून ठेवू नका हो. बाईंनी त्या दिवशी एकच ओळ सुधारली. खालच्या ओळींत अजून कितीतरी मुलं दोन वर्षांचीच आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांना खिडकीवर सांगितलं जातंय, अजून खूप वेळ आहे.