डलूथचे फावडे, टूसानचे अंगण

मित्रांनो, मी एक जुने फावडे आहे. पण माती ओढणारे नव्हे, बर्फ उपसणारे. माझे पाते सुपाएवढे रुंद, ॲल्युमिनियमचे आणि पुढून जरासे वळलेले आहे. माझा मुक्काम मात्र टूसान नावाच्या वाळवंटी शहरात आहे आणि तोही गेली एकोणचाळीस वर्षे. हसू आले ना? येऊ द्या. मला त्याची सवय आहे.

माझा जन्म दूर उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या काठी वसलेल्या डलूथ गावातला. आर्वो हक्किला नावाच्या माणसाने मला दुकानातून उचलले आणि खांद्यावर टाकून घरी नेले. आर्वो बंदरावर कामाला होता. जहाजांत लोखंडाचे खनिज भरायचे, त्याची लाल धूळ दिवसभर नाकातोंडात जायची. हिवाळ्याचे पाच महिने तो उजाडताच मला घेऊन दारातला बर्फ बाजूला करी. आपले दार झाले की शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचीही दारे मोकळी करून देई. “तुझं फावडं म्हणजे लोणी कापल्यासारखं चालतं,” असे लोक म्हणत. ते ऐकून मी मनातल्या मनात फुलून जात असे.

पुढे आर्वोची छाती भरून येऊ लागली. जिना चढताना तो मध्येच थांबू लागला. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेत जा, नाहीतर दोन-तीन हिवाळ्यांपलीकडचे मी काही सांगू शकत नाही. आर्वो तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि त्याची बायको वेर्ना बावन्न. मुलगी लोइस नुकतीच लग्न होऊन वेगळी राहायला गेली होती. दोघांनी घर विकले आणि सामान बांधले. वेर्ना मला गाडीत ठेवायला लागली तेव्हा आर्वोने विचारले, “हे कशाला?”

“दोन वर्षांत परत यायचंय आपल्याला. तेव्हा पुन्हा नवं घ्यायचं का?”

“आणि तोवर?”

“तोवर राहील पडून. खायला थोडंच मागतंय.”

असे मी टूसानला आले. गाडी उभी करायच्या छपराखाली एका खिळ्याला मला टांगले. तिथून मला समोरचा रस्ता दिसे, रस्त्याच्या टोकाला कापसाचे शेत दिसे आणि त्याच्या मागे संध्याकाळी गुलाबी होणारा डोंगर. वेर्नाला यातले काही आवडले नाही. “सगळं कसं भाजल्यासारखं दिसतं,” असे ती लोइसला फोनवर सांगायची. आर्वोने दारात हिरवळ लावून पाहिली, ती पंधरा दिवसांत पिवळी पडली. दुसऱ्या उन्हाळ्यात माझा डलूथचा दांडा वाळून उभा चिरला. मित्रांनो, मला वाटले, संपले आता सगळे.

शेजारी डेल्फिना ब्राकामोन्ते राहत होती. ती इथेच जन्मलेली, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, एकटी आणि बोलायला फटकळ. तिच्या अंगणात मेस्कीटचे मोठे झाड होते. मेस्कीट म्हणजे बाभळीसारखेच काटेरी झाड. जूनमध्ये त्याच्या गोडसर शेंगांचा खच पडतो. त्या वाळवून, दळून डेल्फिना पीठ करायची. एके दिवशी ती कुंपणापाशी आली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “काय गं, तुझ्या गावात एवढ्या मोठ्या चमच्याने काय खातात?”

“बर्फ,” वेर्नाही तेवढ्याच तुसडेपणाने म्हणाली.

डेल्फिना खळखळून हसली. “मग आण इकडे. आज शेंगा खाऊ दे त्याला.”

माझा दांडा मोडका पाहून तिने मेस्कीटची एक सरळ वाळकी फांदी आर्वोला दिली. आर्वोने ती तीन दिवस तासली, घासली, तेल लावून माझ्या पात्यात बसवली. एवढे काम करूनही त्याला धाप लागली नाही. हे वेर्नाच्या लक्षात आले. मग मी शेंगांच्या खचात शिरले आणि एका फटक्यात घमेलेभर शेंगा उचलल्या. रुंद आणि हलके पाते, खालची माती फारशी न खरवडता वरच्या शेंगा तेवढ्या घेणारे. डेल्फिनाने भुवया वर केल्या. त्या दिवसापासून मी दोन घरांचे झाले. त्या पिठात वेलदोडा घालून वेर्ना आपल्या माहेरच्या पद्धतीचा पाव करू लागली आणि डेल्फिना तो नावे ठेवत ठेवत चार-चार तुकडे खाऊ लागली.

एका डिसेंबरमध्ये इथेही बर्फ पडला. खोटे नाही सांगत, चांगला चार बोटे होता. गल्लीतली माणसे झोपेच्या कपड्यांत बाहेर आली. मला वाटले, आज माझा दिवस. मी खिळ्यावर ताठ झाले. आर्वो दारात उभा राहिला, कॉफी प्यायला आणि म्हणाला, “कशाला कष्ट? दहापर्यंत ऊनच काढून टाकील.” तसेच झाले. तेव्हा जरा वाईट वाटले, पण आर्वोच्या तोंडावर इतके समाधान मी डलूथमध्ये कधी पाहिले नव्हते.

डॉक्टरांनी दोन-तीन हिवाळे म्हटले होते. आर्वोला इथे सतरा मिळाले. तो गेला तेव्हा वेर्ना एकोणसत्तर वर्षांची होती. त्यानंतरच्या जूनमध्ये लोइस आईला न्यायला आली. घरापुढे विक्रीची पाटी लागली, सामानाची गाडी ठरली, खोकी भरली. लोइस सांगेल ते वेर्ना करत होती. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, “फावडं डेल्फिनाकडे आहे. घेऊन येते.”

“आई, राहू दे ना ते. माझ्याकडे बर्फ काढायचं यंत्र आहे.”

“ते माझं फावडं आहे, लोइस.”

दुपारचा एक वाजला होता. मी मेस्कीटखाली पडले होते आणि माझ्याशेजारी डेल्फिना पडली होती. शेंगा गोळा करता करता ती डगमगली, खाली बसली आणि मग आडवी झाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ती मला समजेना असे काहीबाही बरळत होती. मी हाक कशी मारणार? सावली सरकत होती आणि ऊन तिच्या तोंडावर येत होते. एवढे असहाय मी कधी झाले नव्हते.

कुंपणाचे दार वाजले. वेर्नाने एकदा पाहिले आणि ओरडून लोइसला रुग्णवाहिका बोलवायला सांगितले. फोन करून लोइस धावत आली आणि तिने पाण्याची नळी उचलून सरळ डेल्फिनाकडे वळवली. “थांब!” वेर्नाने तिचा हात धरला. “नळीतलं पाणी उकळतं असतं या दिवसांत. आधी ते वाहू दे.” तिने पाणी मातीत सोडले, हातावर घेऊन पाहिले, गार लागताच डेल्फिनाच्या मानेवर, काखेत, डोक्यावर धरले. दोरीवरची चादर ओढून भिजवली आणि तिच्या अंगावर टाकली. “लोइस, ते फावडं उचल. तोंडावर सावली धर तिच्या.”

लोइसने मला दोन्ही हातांनी उचलून धरले. माझे पाते तापून निघाले, पण गाडी येईपर्यंत तिने मला खाली घेतले नाही. बर्फ काढण्यासाठी जन्मलेले मी, त्या दिवशी छत्री झाले.

डेल्फिना वाचली. तोवर निघणे पुढे ढकलले गेले. आठवड्याने ती घरी आली आणि मेस्कीटखाली खुर्ची टाकून, तोंड पाडून बसली.

“मला ऊन लागलं म्हणे. मला! इथे जन्मले मी. कुणाला सांगू नकोस.”

“सगळ्या गल्लीला ठाऊक आहे,” वेर्ना म्हणाली.

“आमच्या लहानपणी जूनमध्येसुद्धा पहाटे गोधडी ओढायचो आम्ही. आता रात्रभर भिंती तापलेल्या असतात. इतकी घरं झाली, इतकं डांबर ओतलं. हे ऊन माझ्या ओळखीचं नाही गं.”

“म्हणजे तूही आता माझ्यासारखी नवखीच की.”

डेल्फिनाने तिच्याकडे रागाने पाहिले आणि मग बऱ्याच दिवसांनी हसली. लोइस खोक्यांपाशी उभी राहून ऐकत होती. आईने हाताने नळीतले पाणी कसे पाहिले, ते बहुधा तिच्या मनातून जात नसावे. संध्याकाळी वेर्ना तिला म्हणाली, “ती सामानाची गाडी रद्द कर.”

“आई, तू दोन वर्षं म्हणाली होतीस.”

“मोजायला चुकले असेन.”

लोइसने स्वतःच बाहेर जाऊन विक्रीची पाटी उपटली आणि आठ दिवसांनी ती एकटीच परत गेली.

त्यानंतर गाव फार बदलले. कापसाच्या शेतावर मातकट रंगाची एकसारखी घरे झाली, त्यामुळे इथून डोंगराचे नुसते टोक दिसते. रस्ता रुंद झाला. हिरवळी गेल्या आणि दारोदार खडी आली. पिण्याचे पाणी शेकडो मैलांवरून कालव्याने येऊ लागले. कुठून कुठून माणसे राहायला आली आणि पहिल्या जूनमध्ये प्रत्येकाच्या तोंडचे पाणी पळाले. वेर्नाच त्यांना सांगायची, कामे पहाटे उरका, गाडीचे स्टिअरिंग सावलीत ठेवा, नळी आधी वाहू द्या.

पण सगळेच काही बिघडले नाही. काही वर्षांपूर्वी गल्लीतल्या लोकांनी रस्त्याच्या कडेचा काँक्रीटचा काठ जागोजागी फोडला आणि आत खड्डे करून मेस्कीट लावली. पाऊस आला की रस्त्यावरचे पाणी वाया न जाता त्या झाडांकडे वळते. खड्ड्यांत गाळ साचतो. तो उपसायला मी जाते. ती झाडे आता माणसाच्या डोक्यावर गेली आहेत आणि दुपारी गल्लीत पुन्हा सावली पडते. डेल्फिना म्हणते, “पुन्हा थोडी ओळख पटतेय या गावाची.” ती आता अठ्ठ्याऐंशीची आहे आणि वेर्ना एक्याण्णव. दुपारी जी आधी उठेल ती दुसरीचे दार वाजवते. हा नेम एकदाही चुकलेला नाही.

मित्रांनो, माझे पाते आता पातळ झाले आहे, एक कोपरा फाटला आहे. तरी मी सुखात आहे. जे काम येत होते ते करायला मला इथे मिळाले नाही, जे मिळाले ते मी शिकले. तुमच्या घरातही असे एखादे जुने अवजार कोपऱ्यात पडले असेल. त्याला टाकू नका. पुसा, दांड्याला तेल लावा, शेजाऱ्याला वापरायला द्या. आणि ते परत आणायला निरोप धाडू नका, स्वतः जा. भर दुपारी एकटे राहणारे माणूस कसे आहे, ते त्याच्या दारात गेल्याशिवाय कळत नाही.

आता मला थांबले पाहिजे. लोइस निवृत्त होऊन गेल्या शरद ऋतूत पंधरा दिवसांसाठी म्हणून इथे आली, ती अजून इथेच आहे. रात्रीच्या वाऱ्याने मेस्कीटच्या शेंगा पडल्या आहेत, ऊन अजून चढलेले नाही, आणि ती अंगणात मला शोधते आहे.