बिनखिळ्याची चप्पल

साहेब, गुन्हा तुमचाच आहे. दवाखान्याच्या दारावर 'चपला बाहेर काढा' अशी पाटी लावून तुम्ही साक्षीदारालाच दाराबाहेर ठेवलंत.

मित्रांनो, तो साक्षीदार म्हणजे मी. मी एक जुनी टायरची चप्पल आहे, उजव्या पायाची. वडवणीत टायरच्या चपला शिवणाऱ्या चाँदमिस्त्रीने मला कापलं ते तेलगावच्या सुरेखासाठी. ती कापूस वेचते. तिच्या पाठीच्या कण्यात, नसांच्या जाड दोरीत पाण्याची पोकळी झाली आहे. असा आजार क्वचितच कुणाला होतो. तिचा पाय भर उन्हाळ्यात गार पडतो, नखं निळी होतात, पायाला दुखणं जाणवत नाही आणि घोटा आतल्या आत झिजला तरी तिला कळत नाही.

माप देताना तिचा पाय भोकं पाडायच्या आरीवर पडला. रक्त आलं, तरी ती बोलतच राहिली. चाँद हादरला. "ताई, तुला खिळ्याची चप्पल न्हाई चालायची," म्हणत त्याने मला नायलॉनच्या दोऱ्याने शिवलं.

दोन वर्षं मी रान तुडवलं. बाया म्हणायच्या, "सुरेखे, चप्पल हाय का ट्रॅक्टर?" मला तीही शाबासकी वाटायची.

मग माझा पट्टा सुटला. तिच्या नवऱ्याने, बद्रीनाथने, मायेपोटी खिळा ठोकला. टोक वर आलं. ती दिवसभर तशीच चालली. संध्याकाळी मला काढलं तेव्हा मी रक्ताने भिजले होते.

मला दुरुस्तीला नेलं तसा चाँद भडकला, "खिळा कावून मारला बे?"

"ती काई बोललीच न्हाई की!" बद्रीनाथने मला त्याच्यापुढे धरलं.

चाँदने खिळा उपटला, पण जखम चिघळली. घोटा सुजून वाकडा झाला. मोठ्या दवाखान्यात वेळेवर नेलं तरच पाय वाचणार होता. तिथे पाठवायची चिठ्ठी देणं तुमच्या हातात होतं, साहेब. मी दाराबाहेरून सगळं ऐकलं. तुम्ही तिच्या आजाराची फाईल उघडलीही नाहीत. नुसता घोटा दाबलात.

"दुखतंय का?"

"न्हाई, साहेब." ती खरं बोलली.

"मग लई नाटकं कशाला? चला, पुढचा!"

मित्रांनो, घरच्या माणसांचे पाय अधूनमधून हातात घेऊन बघत जा. दुखत नाही म्हणणाऱ्याचे आधी बघा.

साहेब, सुरेखा आज परत आली आहे. मी पुन्हा बाहेरच आहे. माझी एक कड पार झिजली आहे, खिळ्याचं भोक आहे, भोवती काळा डाग आहे. उठा, बाहेर या, मला हातात घ्या आणि तिच्यासमोर सांगा: जो पाय दुखत नाही, तो चांगला आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत?