नववी 'ब'ची वही

डिसेंबरात नववीची सहल कर्नाळ्याला गेली, तेव्हा शाळेचे शिपाई बुधाजी मुलांसोबत होते. किल्ल्याच्या वाटेवर आग्या मधमाश्यांचं पोळं उठलं. मुलं वाट फुटेल तिकडे पळाली. अंकिता नावाची मुलगी ठेचकाळून पडली. बुधाजींनी अंगातला स्वेटर काढून तिच्या डोक्यावर टाकला आणि स्वतः तिच्यावर ओणवे झाले. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. अंकिताला पाच-सहा डंख झाले. बुधाजींच्या अंगात इतके काटे होते की नर्सनं मोजायचं सोडून दिलं. चौथ्या दिवशी ते गेले.

त्यांची मुलगी दमयंती त्याच शाळेत विज्ञान शिकवायची. बापानं सव्वीस वर्षं जिथं घंटा वाजवली, तिथं मुलगी मॅडम झाली, याचं उलव्याच्या खाडीकाठच्या त्यांच्या गावाला मोठं कौतुक होतं. सहलीला ती गेली नव्हती. शाळेनं अहवालात 'नैसर्गिक अपघात' असं लिहिलं. पण हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर एका वनरक्षकानं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मॅडम, पोळं उगाच उठत नाही. खाली ताजा दगड पडलेला होता, त्याला मेण लागलेलं. कुणीतरी मारलाय."

तेराव्यानंतर दमयंती शाळेत परत आली ती एकच गोष्ट ठरवून. तो हात शोधायचा. आणि सापडला की त्याला सोडायचं नाही.

तिनं नववी 'ब'च्या वर्गात एक जाड वही आणून ठेवली. वर लिहिलं, 'माझी जबाबदारी'. मुलांना म्हणाली, "चूक सगळ्यांच्या हातून होते. ती माझी आहे, असं म्हणायला मात्र धमक लागते. ज्याला वाटेल त्यानं या वहीत लिहावं. खाली नाव टाकावं. लिहिणाऱ्याला शिक्षा होणार नाही, हा माझा शब्द."

शेवटचं वाक्य खोटं होतं. ते तिला बोलतानाच माहीत होतं.

पहिल्या आठवड्यात कुणी लिहिलं नाही. मग मितालीनं लिहिलं, 'प्रयोगशाळेतली ब्युरेट माझ्या हातून फुटली. मी कीर्तीचं नाव सांगितलं होतं.' दुसऱ्या दिवशी तिनं वर्गासमोर कीर्तीची माफी मागितली. मग पानं भरायला लागली. वरदनं आईच्या मोबाइलवरून गैरहजेरीचा मेसेज केला होता. कुणी कॉपी केली होती, कुणी पंख्याची पाती वाकवली होती. मुलं आपणहून फळा पुसू लागली, नळ बंद करू लागली. मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर दमयंतीचं कौतुक केलं. दमयंती रोज ती वही सुकापूरच्या आपल्या फ्लॅटवर न्यायची आणि भराभर चाळायची. ब्युरेट, कॉपी, पंखा, यातलं काही तिला नको होतं. तिला एकच वाक्य हवं होतं आणि ते येत नव्हतं.

ते कुणाकडून यायला हवं, हे मात्र तिनं मनाशी केव्हाच ठरवलं होतं. शैलेश. मागच्या बाकावरचा, मोठ्या आवाजाचा. मैदानामागच्या झाडावरच्या कैऱ्या एका दगडात पाडायचा. वहीत त्यानं एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

"तुला काहीच लिहायचं नाही?" ती रोज विचारायची.

"नाही मॅडम."

तिनं त्याला तालुक्याच्या कबड्डी संघातून काढायला लावलं. प्रत्येक तासाला त्याला उभं केलं. त्याचे प्रॅक्टिकलचे गुण कापले. एकदा त्याचे वडील धनेश यांना बोलावून घेतलं. त्यांचं खिडक्यांच्या ग्रिलचं छोटं वर्कशॉप होतं. काळे पडलेले हात मागे धरून ते उभे राहिले. दमयंती त्यांना म्हणाली, "माझ्या वडिलांच्या मरणाला तुमचा मुलगा कारण आहे. सिद्ध करता येत नाही, एवढंच."

त्या दिवशी घरी जाताना तिला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

शैलेश दुसऱ्या दिवशी आला तो लंगडत. तिला ते दिसलं. तिनं त्याला पुन्हा उभं केलं.

तास संपल्यावर ती प्रयोगशाळेत बाटल्या आवरत होती, तेव्हा अंकिता दारात आली. हातात ती वही होती.

"मॅडम, मी लिहिलंय. पण तुम्ही माझ्यासमोर वाचा."

दमयंतीनं वाचलं. 'कर्नाळ्याला दगड मी मारला. माश्या उडतानाचा व्हिडिओ मला काढायचा होता. शैलेशनं बघितलं होतं. तो मला मारू नको म्हणाला होता.'

खाली नाव होतं. अंकिता.

"तू? ते तुझ्या अंगावर पडले होते. तुझ्या!"

"हो. ते मला म्हणत होते, हलू नको बाय, आता जातील. मी तेव्हाच सांगणार होते. मग ते गेले. मग मला सांगताच येईना."

दमयंतीनं तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की तिला स्वतःची बोटं दुखली. अडीच महिने ज्याची वाट बघितली ते हातात आलं होतं. मुख्याध्यापक, पोलीस, या मुलीचे आईबाप, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. पण आधी आई. आईनं हिला तोंडावर शाप द्यावेत आणि ते आपण ऐकावेत, असं तिला वाटलं.

"रविवारी माझ्या आईसमोर उभी राहशील?"

"राहीन."

रविवारी गावच्या घरी दमयंतीची आई चंद्रावतीबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या. अंकितानं सगळं सांगितलं, काही न गाळता. शैलेशचंही. त्याला मॅडमनी काय काय केलं तेही.

चंद्रावतीबाईंचे हात थांबले. "माफी मागाला आलीस?"

"हो, आजी."

"नाय मिलनार. माझा मानूस गेलाय. तू जगशील तवर ह्ये तुझ्यासंगती ऱ्हाईल. मी ते काडून घेनार नाय." मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. "ही पोर येऊन उबी तरी ऱ्हायली. तू त्या पोराच्या दारात गेलीस?"

"आई, मला वाटलं होतं..."

"वाटलं म्हनून दगड मारलास. हिलाबी गंमत वाटली म्हनून हिनं मारला."

परतीच्या बसमध्ये ती आणि अंकिता शेजारी बसल्या.

सोमवारी अंकितानं तेच पान मुख्याध्यापकांसमोर वाचलं. शाळेनं तिच्या घरच्यांना बोलावलं, पुढचं त्यांच्यात चालू झालं. दमयंतीनं त्यात तोंड घातलं नाही. वर्गात ती शैलेशच्या बाकाशी गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी तुझ्यावर खोटा आरोप केला. तुझी संघातली जागा घालवली. चूक माझी आहे."

शैलेश उभा राहिला.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मग सांगितलं का नाहीस?"

"तिनं स्वतः सांगावं म्हणून थांबलो. तुम्हीच शिकवलं होतं, मॅडम."

"मी काय करू, सांग."

त्यानं पहिल्यांदा तिच्या डोळ्याला डोळा दिला. त्यात दया नव्हती. "हे इथं नको. माझ्या पप्पांना सांगा. तुमच्या तोंडानं. आणि मी तिथं असणार."

शाळा सुटल्यावर ती त्याच्या मागून वर्कशॉपवर गेली. धनेशनी वेल्डिंग थांबवलं, चेहऱ्यावरची काळी काच वर केली. दमयंतीनं सगळं सांगितलं. एकही सबब दिली नाही. धनेशनी हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाले, "तुमच्या शब्दावर मी याच्यावर पट्टा काढला होता, मॅडम. मास्तर खोटं बोलत नाहीत म्हणून."

"हो."

"आता मी याच्याशी काय बोलू?"

शैलेश दाराशी हाताची घडी घालून उभा होता. तो वडिलांना थांबवत नव्हता, तिला जा म्हणत नव्हता. दमयंतीला बसायला कुणी सांगितलं नाही. ती उभीच राहिली, आणि धनेशनी विचारलेल्या एकेका गोष्टीला उत्तर देत गेली.