पाच ते पाच वीस

नोंदवहीवर सही करता करता तिचं पेन अडलं. शीतगृहाच्या तिसऱ्या खोलीचं तापमान सकाळपासून दर तासाला उणे अठरा, उणे अठरा, उणे अठरा.

"हे बसल्या जागी भरलंय," ती पाळीवरच्या माणसाला म्हणाली. "खरं यंत्र इतकं शहाण्यासारखं वागत नाही. जा, परत बघून ये."

तो मान खाली घालून गेला. तेवढ्यात तिच्या खिशातला फोन थरथरला. अण्णांच्या दाराचा निरोप होता: पाच वाजता, आतून उघडलं. पुढच्या दोन खोल्या तपासून होतात तोवर दुसरा आला: पाच वीस, बाहेरून, अण्णांचा कोड. म्हणजे वडील फिरून आले. रोज या निरोपाने तिला हायसं वाटायचं. आज तिला नोंदवहीतले ते उणे अठरा आठवले.

तिने तिथेच उभ्या उभ्या मागच्या नोंदी काढल्या. गेले तीन आठवडे पाच ते पाच वीस, मिनिटाचा फरक नाही. त्याआधी तेवीस मिनिटं, एक्केचाळीस मिनिटं, एकदा तर सव्वा तास. अण्णा दर दोन फाटकांआड कुणाला तरी गाठून बोलत उभे राहणारे. ते घड्याळ लावून फिरतील, हे कुणी शपथेवर सांगितलं तरी तिला पटलं नसतं.

खुब्याचं हाड मोडून अण्णा इस्पितळातून घरी आले, तेव्हा बापलेकीत करार झाला होता. रोज स्वतःच्या पायांनी जिना उतरून फिरून याल, तोवर या घरात एकटे राहायचं. ते थांबलं की मुकाट्याने माझ्याकडे. अण्णांनी मान्य केलं, पण नाक फुगवूनच. मग तिने दाराला कोडचं कुलूप बसवलं. स्वयंपाकाच्या बाईंचा कोड सकाळी नऊ ते अकराच चालायचा, नर्सचा फक्त रविवारी, आणि कोण कधी आलं ते फोनवर कळायचं. वडिलांचं घर खिशात घेऊन फिरते, असं ती कौतुकाने सांगायची.

अण्णांचा कोड दुसऱ्याच कुणाच्या हाती लागला असेल तर? एका बोटाने तो रद्द करता आला असता. पण खरंच अण्णा खाली गेलेले असले, तर म्हातारा माणूस स्वतःच्याच दारात ताटकळत राहिला असता. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून निघाली. बस चालेना, तेव्हा दोन थांबे आधीच उतरली आणि चालतच सुटली.

पाच वाजून सात मिनिटांनी ती जिना चढली. अण्णांच्या बंद दारासमोर, पायरीवर शिंपीकाका बसले होते. तळमजल्यावर त्यांचं दुकान होतं. तिचे शाळेचे कपडे त्यांनीच शिवलेले. मांडीवर सदरा, तोंडात दोरा, शेजारी मनगटावरून काढून ठेवलेलं घड्याळ. तिला पाहून त्यांच्या तोंडातला दोरा गळून पडला.

"काका, अण्णा कुठायत?"

"आत." त्यांनी सुई सदऱ्यात खोचली. "ओरडू नकोस त्याच्यावर. जिना उतरवेनासा झालाय गं त्याला. तो खुर्चीतून काठीने आतलं बटण दाबतो, मी बाहेरून दार उघडून परत ओढून घेतो. वीस मिनिटं झाली की त्याचा कोड दाबतो."

"रोज वीसच?"

"मग? ठरलं ते ठरलं," काका दुखावल्यासारखे म्हणाले. "आपल्या मापात कधी कमीजास्त नसतं."

तिला हसू फुटलं आणि त्याच क्षणी रागही आला. अण्णांचा, काकांचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. गेले तीन आठवडे ती रोज संध्याकाळी फोन करून शाब्बास म्हणत होती, आणि वडील ती शाबासकी घेत होते.

स्वतःचा कोड दाबला असता, तर कुलपाला जोडलेला आतला बोलका डबा 'मुलगी आली' म्हणून मोठ्याने बोलून मोकळा झाला असता. तिने अण्णांचाच कोड दाबला.

अण्णा दाराजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. अंगात बाहेर जायचा कोट, पायात बूट, बुटांचे बंद घट्ट बांधलेले.

"इतक्यात झाली वीस?" डोळे न उघडताच त्यांनी विचारलं. "आज मापात मारलंस की रे."

"मी आहे, अण्णा."

त्यांनी डोळे उघडले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. चोरी पकडल्यावर लहान मुलं करतात तसे ते उगाच कोटाचं बटण चाचपू लागले.

"बूट रोज घालतो मी," ते म्हणाले. "अगदीच खोटं नको म्हणून."

तिने मागे दार लोटलं, तसं कुलूप लागलं. बोलायला म्हणून ती म्हणाली, "मग चला, घातलेच आहेत तर. खालपर्यंत जाऊन येऊ." तिने कुलूप उघडायला आतलं बटण दाबलं आणि हात पुढे केला.

अण्णांनी हात घेतला नाही. खुर्चीचे दोन्ही हात धरून ते उठले, परत बसले, परत उठले. एक पाऊल टाकलं. दुसऱ्याला काठी पुढे गेली, पाय मागेच राहिला. एवढ्यात दारात खट्ट झालं. तीस सेकंदांत दार उघडलं नाही की कुलूप आपोआप लागायचं. चोराचिलटांच्या भीतीने तिनेच तसं लावून ठेवलं होतं.

दोघंही त्या कुलपाकडे बघत राहिले. मग अण्णा तिच्या खांद्याचा आधार घेऊन सावकाश खुर्चीत टेकले. बराच वेळ त्यांना धाप लागली होती.

"तुझ्याकडच्या दाराला किती सेकंद आहेत?" त्यांनी विचारलं.

ती खाली बसली आणि त्यांच्या बुटांचे बंद सोडू लागली.

"आमच्याकडे साधी कडी आहे, अण्णा."