तांबूस चंद्र आणि लग्नाचा हॉल

टक्! दोऱ्याची बॉबिन जमिनीवर पडली आणि घरंगळत थेट पाळण्याखाली गेली. बाळाचा नुकताच डोळा लागला होता. मी श्वास रोखला. शिलाई मशीनवरच्या सासऱ्यांनीही.

बाळ हललं नाही.

"प्रभूची कृपा," ते पुटपुटले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

सासरे शिंपी. पण गेले काही महिने त्यांचं चित्त कापडात नव्हतं. शेवट जवळ आला की सूर्य काळवंडेल, चंद्र रक्तासारखा होईल, असं पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, संदेष्टे सांगून गेलेत. आणि सासऱ्यांच्या मते त्याला सुरुवात झाली होती. सूर्य मावळला की शिंप्याच्या खडूने ते खिडकीच्या काचेवर सरलेल्या दिवसाची खूण करायचे. सूर्य रोज मंद होतोय, चंद्रही तांबूस झालाय, असं घरात आणि दर रविवारी चर्चमध्येही सांगायचे.

"बाबा, उगवताना तो तसाच दिसतो," मी म्हणायचे.

"आणि डोक्यावर आल्यावर?"

दोन लेकरांच्या आईला डोक्यावरचा चंद्र बघायला सवड कुठली!

त्या संध्याकाळी नणंद रडकुंडीला आली होती. "बाबा, हॉलवाला आजच्या दिवसच थांबणार आहे. लग्नाच्या तारखेला हो म्हणा ना!"

"जग बुडायला आलंय आणि हिला हॉल हवाय."

"मग बुडायच्या आत उरका! बुडताना नवरा तरी सोबत असेल."

सासऱ्यांनी हसू मिशीतच दाबलं आणि माझ्या लेकीला खिडकीशी बोलावलं. "तूच सांग गं चिमणे. चंद्र कसा आहे? लालसर ना?"

"नाही आजोबा. पांढरा. तुमच्या हातातल्या शर्टासारखा."

"हा? हा तर बदामी आहे!"

नणंदेने शर्ट ओढून घेतला. पांढराशुभ्र शर्ट, आणि वरपासून खालपर्यंत बदामी दोऱ्याची शिवण.

सासऱ्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. "आणि सूर्य?" त्यांनी हळूच मला विचारलं.

"सूर्य झकास आहे, बाबा. आज सगळी दुपटी दुपारीच वाळली."

त्यांनी शर्टावरची शिवण बोटाने चाचपली. आणि मग ते असे खो-खो हसले, की बाळ दचकून उठलं.

"चर्चच्या अख्ख्या मंडळीला घाबरवलं मी! आता पाळकांना तोंड कसं दाखवू?"

"आधी डॉक्टरांना डोळे दाखवा," नणंद म्हणाली. "मोतीबिंदू असणार. आणि हॉल?"

"कर फोन. पण तारीख ऑपरेशननंतरची घे. लग्नाच्या पांढऱ्या साडीत तुला बदामी झालेलं बघायचं नाही मला."

नणंद फोनकडे धावली. मी बाळाला खांद्यावर घेतलं. लेक अजून चंद्राकडेच बघत होती.

"आई, मग शास्त्रात ज्यांनी चंद्र लाल लिहिला, त्यांच्याही डोळ्यांना असंच झालं होतं का?"

सासरे माझ्याकडे बघू लागले. मी बाळाला थोपटत राहिले.