सिंधूचं अठरावं

आमच्या गावात मल्हारीतात्यांची सिंधू पाच वर्षं सतराचीच होती. खोटं वाटत असेल तर चांदवडच्या स्टँडवर उतरून कुणालाही विचारा. ज्या साली तिला पहिल्यांदा अठरावं लागलं, त्या सालची कालवड आता तीन वितांची गाय झाली होती. पण पाहुणे बघायला आले, पोह्यांची बशी पुढं झाली आणि कुणी वय विचारलं, की तात्यांचं उत्तर ठरलेलं: "अठरावं लागलंय." कुणाला पोरीची उंची खटकायची, कुणाला तात्यांची जीभ. पाहुणे परत जायचे आणि पुढच्या साली सिंधूला पुन्हा नव्यानं अठरावं लागायचं. ती बिचारी बशी ठेवायची, आत जायची.

अशात एकोणनव्वद साल उजाडलं आणि सरकारनं मताचं वय एकवीसवरून अठरावर आणलं. दिल्लीवाल्यांना वाटलं, देशातला तरुण जागा होईल. आमच्याकडं जागे झाले ते म्हातारे. तीन नंबरच्या वॉर्डात तात्या पंधरा वर्षं पंचायतीचे मेंबर, आणि तितकीच वर्षं कोंडाजी त्यांच्यासमोर पडत आलेला. मागच्या खेपेला तर फक्त दोन मतांनी. आता वॉर्डातली सगळी मिसरूड फुटलेली पोरं एकदम मतदार होणार! कालपर्यंत "उठा रे पारावरून, टोळभैरव कुठले," म्हणणारे दोघंही "बसा राव, चहा सांगू का?" म्हणायला लागले.

कोंडाजीनं पोरांना बॅट घेऊन दिली. तात्यांनी लगेच चेंडू घेऊन दिला. पण एकाचा दुसऱ्यावर भरवसा कुठला! संध्याकाळी कोंडाजी बॅट काखेत मारून घरी न्यायचा, तात्या चेंडू खिशात घालायचे. त्यामुळं खेळ मांडायचा तर दोघांनी हजर राहणं आलं. मग दोघंच अंपायर झाले. आता मला सांगा, मतदाराला आऊट कोण देणार? दांडी उडाली तर कोंडाजी म्हणायचा, "वारा होता." झेल गेला तर तात्या म्हणायचे, "बॅटला लागलाच नाय, मी पाह्यलं ना!" लहानू नावाचं पोरगं दसऱ्याला खेळायला उतरलं, ते दिवाळी सरली तरी खेळतच होतं. त्याची आई भाकरी तिथंच आणून द्यायची. बाकीची पोरं चेंडू अडवून अडवून काळी पडली, पण त्यांची पाळीच येईना.

इकडं तात्यांची झोप उडाली होती. कोंडाजीच्या घरात दोन पोरगे नव्यानं मतदार होत होते. तात्यांच्या घरात एकटी सिंधू. आणि सरकारनं वय खाली आणलं तरी तात्यांनी पोरगी त्याच्याही खाली ठेवलेली!

"तिचं मत नाय धरलं तर मी पडतो," तात्या बायकोला म्हणाले.

"मग सांगा खरं वय," सुमनबाई म्हणाल्या.

"आन् लगीन? थोराड म्हणून बोलवा झाली तर?"

याच सुमारास वणीकडचे जयरामनाना आपल्या पोराला, मोतीरामला घेऊन सिंधूला बघायला आले. बशी पुढं झाली. नानांनी विचारलं, "पोरीचं वय?"

"अठरावं लागलंय," तात्या सवयीनं बोलून गेले.

नानांचा घास हातातच राहिला. "लागलंय? म्हंजे पूर्ण नाय?"

पोरगी लहान निघाली म्हणून तोंड पाडणारा पाहुणा तात्या पहिल्यांदाच बघत होते.

"आमच्याकडंबी इलेक्शन हाय," नाना म्हणाले. "मी सोता उभा हाय. मला हुंडा नको, सोनं नको. पण सून मताची पायजे."

"मग पूर्ण हाय की! बोलता बोलता चुकलो. अठरा सरले."

"ब्येस! मग लगीन याच महिन्यात. मतांची यादी बंद व्हायच्या आत नाव आमच्याकडं चढवू."

म्हणजे मत वणीला जाणार, हे तात्यांनी ताडलं. "याच महिन्यात? मग नाय सरले. सतराच."

"आत्ता तर अठरा म्हणलात!"

"इलेक्शननंतर नेत असाल तर अठरा."

"लगेच देत असाल तर अठरा. नंतर तुमची सतरा नि वीस, मला काय करायचीय?"

चांदवडच्या लिलावात कांद्याचा भाव चढावा-उतरावा, तसं पोरीचं वय वरखाली व्हायला लागलं. सुमनबाई दारातून ओरडल्या, "अहो, पोरगी माझ्या पोटी झालीय, का तुमच्या इलेक्शनच्या?"

तेवढ्यात सिंधूनं पाण्याचा तांब्या मधे ठेवला. "बावीस."

"काय बावीस?" नाना म्हणाले.

"वय. मत मला सरकारनं वय खाली आणायच्या आधीच मिळायचं. पण हितं मोठं होऊ दिलं तर ना! आन् नाना, एकविसाच्या वर नुसतं मत नसतं. उभंबी राहता येतं."

"कुठं उभी राहतीस? चुलीपुढं?" तात्या हसले.

"तीन नंबरच्या वॉर्डात."

मोतीरामला ठसका लागला. नाना ताडकन उठले. "बावीस वर्सांची घोडी, आन् वर तोंड करून बोलती! चल रे." मोतीराम उठला, पण बशीतले राहिलेले पोहे संपवूनच. पोरगं वाईट नव्हतं.

यादीचं काम घेऊन गुरुजी आले तेव्हा तात्या मैदानावर अंपायर होते. सुमनबाईंनी शाळेचा दाखला पुढं केला, सिंधूचं नाव चढलं. मग तिनं चांदवडला जाऊन उमेदवारीचा अर्ज भरला आणि थेट मैदान गाठलं. नेमकी त्याच वेळी लहानूची दांडी उडाली.

"वारा होता," कोंडाजी म्हणाला.

"लहानू, आऊट," सिंधू म्हणाली.

लहानू कसाबसा म्हणाला, "पण ताई, अंपायर तर..."

"त्यांना मत पायजे म्हणून तू खेळतोयस, बाबा. घरी जा, आईला भाकरीच्या खेपा पुरे झाल्या. पुढचा कोण?"

पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात.

निकाल काय सांगायचा! वॉर्डातल्या झाडून सगळ्या फिल्डरांनी सिंधूला मत दिलं. त्यांच्या आयांनीही. तात्या आणि कोंडाजी यांना सारखीच पडली. लहानूचं मत मात्र बाद झालं. बॅट एकाची, चेंडू दुसऱ्याचा, म्हणून त्यानं दोघांवरही शिक्का मारला होता.

महिनाभरानं जयरामनाना पुन्हा दारात. तिकडं ते एका मताच्या फरकानं कसेबसे निवडून आले होते. मोतीरामनं घरात अन्न सोडलं होतं म्हणे. बशी आली. या खेपेला ती तात्यांनी आणली, कारण सिंधू नानांसमोर खुर्चीत बसली होती.

"मुलाचं वय?" तिनं विचारलं.

"बाविसावं लागलंय," नाना म्हणाले.

"सव्वीस," मागून मोतीराम बोलला.

सिंधू हसली. "मला पसंत. पण मी मेंबर हाय, गाव सोडता येणार नाय. यांनी हिकडं राह्यला यावं."

"आन् यादीतलं नाव?" नानांनी विचारलं.

"तेबी हिकडं."

नानांनी कपाळावर हात मारला. "एक मत न्यायला आलो होतो, नि एक देऊन चाललो की!"

पडल्यापासून तात्यांच्या तोंडावर हसू नव्हतं, ते आता आलं. त्यांनी बशी नानांपुढं सरकवली. "घ्या नाना, घ्या. पुढच्या खेपेला आमच्या घरात मतं चार!"

"चार नाय, तात्या," सिंधू म्हणाली. "ज्याचं त्याचं एक."